क्ष-किरण तंत्रज्ञांचे प्रशिक्षण : कायदा झाला, कसोटी अंमलबजावणीची

मध्य प्रदेशातील पनागर हे जबलपूर जिल्ह्यातील विकासखंडाचे ठिकाण जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. अशा गावात अपघातात कोणाचे हाड मोडले अथवा एखाद्याचा खोकला आठवडे लोटूनही हटला नाही, तर प्रथम क्ष-किरण तपासणीची गरज भासते. यंत्र निधीतून विकत घेता येते. छायाचित्राचा अहवाल आता दूरच्या शहरात बसलेला तज्ज्ञ डॉक्टरही देऊ शकतो. मात्र रुग्णाला योग्य स्थितीत उभे करून योग्य मात्रेत किरण सोडणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ जागेवरच असावा लागतो. त्यामुळे तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न शिक्षणक्षेत्रापुरता राहत नाही. तो ग्रामीण आरोग्यसेवेचा मूलभूत प्रश्न ठरतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. हा दिवस आज जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत सीटी स्कॅन, एमआरआय, मॅमोग्राफी अशी अनेक तंत्रे या शाखेत आली. भारतात मात्र ही यंत्रे हाताळणाऱ्या तंत्रज्ञांसाठी दीर्घकाळ देशपातळीवर एकच नियामक संस्था नव्हती. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी राष्ट्रीय परिषदा होत्या. तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम मात्र राज्यागणिक आणि संस्थेगणिक वेगळे होते. कोठे काही महिन्यांचे प्रमाणपत्र, कोठे दोन वर्षांची पदविका, तर कोठे पदवी, अशी स्थिती होती.

ही उणीव दूर करण्यासाठी संसदेने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत केला. वैद्यकीय रेडिओलॉजी, प्रतिमांकन आणि उपचार तंत्रज्ञान हा या कायद्यातील दहा व्यवसायगटांपैकी एक आहे. कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण बंधनकारक आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची अट आहे. प्रत्येक राज्याने स्वतंत्र परिषद स्थापून व्यावसायिकांची नोंदणी करावी, असेही त्यात नमूद आहे.

प्रत्यक्षात राज्यांची पावले संथ पडली. वैद्यकीय तंत्रज्ञांच्याच एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांत या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काही सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी देशभर समान असा नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात रेडिओलॉजी आणि प्रतिमांकन तंत्रज्ञानाचा समावेश आहे.

जुनी व्यवस्था संपून नवी पूर्णपणे उभी राहण्याच्या काळात विद्यार्थ्यांना अनिश्चिततेला तोंड द्यावे लागते. मध्य प्रदेशात याचा प्रत्यय आला. तेथील पॅरामेडिकल महाविद्यालयांच्या मागील सत्रांच्या मान्यतेचा वाद २०२५ मध्ये जबलपूर येथील उच्च न्यायालयासमोर आला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यापूर्वी राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आले होते. शेती विकून वा कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी अशा वादाचा अर्थ सरळ आहे : शुल्क भरले, वर्षे गेली, पण नोंदणी होईल की नाही याची शाश्वती नाही.

या शिक्षणात तासांचा हिशेब महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी कामाचे स्वरूप पाहावे लागेल. विद्यार्थ्याला शरीररचना, किरणोत्सर्गाचे भौतिकशास्त्र, रुग्णाची स्थिती ठरवण्याचे तंत्र आणि किरण-सुरक्षा हे विषय शिकावे लागतात. विद्युतदाब किती ठेवावा, प्रवाह किती आणि किती क्षणांसाठी द्यावा, किरणांचा झोत किती आकुंचित करावा, हे रुग्णाच्या शरीरयष्टीवर अवलंबून असते. स्त्री रुग्णाला गर्भधारणेविषयी विचारणे, लहान मुलाला न घाबरवता स्थिर ठेवणे, अपघातग्रस्ताचा मणका न हलवता छायाचित्र घेणे, ही कौशल्ये अनुभवी तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करूनच येतात.

डिजिटल तंत्रामुळे ही गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. पूर्वी किरणांची मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडे आणि चूक लगेच उघड होई. डिजिटल यंत्रात संगणक छायाचित्राची उजळणी सुधारून दाखवतो. परिणामी अधिक मात्रा दिली गेली तरी छायाचित्र चांगलेच दिसते आणि नकळत मात्रा वाढवण्याची सवय जडते. हा धोका पडद्यावर दिसत नाही. तो प्रशिक्षित व्यक्तीलाच यंत्रावरील आकड्यांवरून ओळखता येतो.

तंत्रज्ञाची स्वतःची सुरक्षाही याच शिक्षणाचा भाग आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. सामान्य नागरिकांसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. कर्मचाऱ्याच्या छातीवर लावलेला टीएलडी बिल्ला ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तपासून ही मात्रा मोजली जाते. बिल्ला शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो, ही साधी बाब न शिकवली गेल्यास शरीराला प्रत्यक्ष किती मात्रा मिळाली याचा अंदाजच चुकतो.

एमआरआय यंत्रात क्ष-किरण नसतात, परंतु त्याचे चुंबकीय क्षेत्र सदैव कार्यरत असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या रुग्णाच्या एका नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. कक्षाच्या दारावर कोणाला रोखायचे, हे ठाऊक असणारे मनुष्यबळ किती आवश्यक आहे, हे त्या दुर्घटनेने अधोरेखित केले.

ग्रामीण भागात या मनुष्यबळाची निकड आता अधिक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात छातीची क्ष-किरण तपासणी केली नसती, तर ४२.६ टक्के रुग्ण निदानाविना राहिले असते, असे आढळले. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग निर्मूलन मोहिमेत हाताळता येतील अशी लहान क्ष-किरण यंत्रे वस्त्यांपर्यंत नेण्यात आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने छायाचित्र तपासले जात असले, तरी चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या छायाचित्रावरून संगणकही अचूक निष्कर्ष काढू शकत नाही.

येथेच धोरणातील विसंगती दिसते. गरज पनागरसारख्या ठिकाणी आहे, तर प्रशिक्षणाची खरी सोय मोठ्या रुग्णालयांत. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा नागपूर हीच त्या राज्याची राजधानी होती आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून कार्यरत होते. राज्ये वेगळी झाली, तरी प्रगत तपासण्यांसाठी मोठ्या शहराकडे जाण्याचा क्रम कायम आहे. विदर्भातील दुर्गम तालुक्यांची स्थितीही याहून निराळी नाही.

ज्या संस्थेकडे स्वतःचे रुग्णालय नाही, तिला कागदावर २,००० तास दाखवता येतील. रुग्ण दाखवता येणार नाहीत. म्हणून मान्यता देताना इमारतीपेक्षा संलग्न रुग्णालयातील रोजच्या तपासण्यांची संख्या आणि प्रशिक्षकांची उपस्थिती तपासली जाणे आवश्यक आहे. आंतरवासितेचा काही काळ सामुदायिक आरोग्य केंद्रात देखरेखीखाली घालवण्याची तरतूद झाल्यास विद्यार्थ्यांना अनुभव आणि केंद्रांना मनुष्यबळ मिळू शकेल. अर्थात, त्यासाठी तेथे नियमित तंत्रज्ञाचे पद भरलेले असले पाहिजे. विद्यार्थ्यांनीही प्रवेशापूर्वी संस्थेची चालू सत्राची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता आणि राज्य परिषदेतील नोंदणीची पात्रता यांची खातरजमा करून घेणे हिताचे आहे.

कायद्याने तंत्रज्ञाला प्रथमच देशव्यापी व्यावसायिक ओळख दिली आहे. राज्य परिषदा किती तत्परतेने आणि किती काटेकोरपणे काम करतात, यावर त्या ओळखीचे मोल आणि ग्रामीण रुग्णाच्या निदानाची अचूकता अवलंबून राहील.