किनारा कुणाचा?

अमेरिकेच्या वायव्येचे समुद्रकिनारे गोव्यासारखे नाहीत. उन्हाळ्यातही धुकं, बोचरा वारा, भरतीने आणून टाकलेले अजस्र ओंडके आणि वाळूला लागून घनदाट जंगल. सिएटलला शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांनी तिथे जरूर जावं. पण आम्ही म्हणतो, एक प्रश्न सोबत न्यावा : हा किनारा कुणाचा?

शेजारच्या ऑरेगनमध्ये १९६६ साली कॅनन बीचवर एका मोटेलमालकाने वाळूचा तुकडा गिऱ्हाइकांपुरता राखून ठेवला. लोक खवळले. १९६७ च्या ‘बीच बिल’ने कोरड्या वाळूवरही जनतेचा हक्क मान्य केला. हक्क भांडूनच मिळाला.

पण ‘सगळ्यांचा’ म्हणताना मूळचे लोक कुठे गेले? वॉशिंग्टन राज्यातल्या ला पुशच्या क्विल्यूट आदिवासींना १८८९ मध्ये जेमतेम एक चौरस मैल जमीन उरली. त्याच वर्षी त्यांची घरं जाळली गेली. पुढे भोवतालचं जंगल ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात गेलं. पोरांची शाळा मात्र त्सुनामीच्या तोंडाशी! त्यांनी सेकंड बीचची वाट पर्यटकांना बंद केली, तेव्हा कुठे प्रश्न ऐरणीवर आला. २०१२ च्या कायद्याने उद्यानातली उंचावरची जमीन त्यांना मिळाली. पर्यटकांची वाटही कायम राहिली. २०२२ मध्ये शाळा वर गेली.

म्हणजे मूळच्यांना न्याय दिला म्हणून कुणाचं फिरणं थांबत नाही. सेकंड बीचला जाल तेव्हा फोटोखाली सूर्यास्तासोबत क्विल्यूटांचंही नाव लिहा. ज्यांच्या अंगणातून वाट जाते, त्यांची ओळख ठेवणं ही मेहेरबानी नाही, ते आपलं कर्तव्य आहे.