पाकीट फोडले कोणी?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या वाडीत पूर्वी पत्र आले की ते एकट्याचे नसे. ज्याच्या नावावर पत्र असे त्याला वाचता येत नसे. म्हणून पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी ओटीवर बसून ते वाचून दाखवीत. माझ्या आजीने आयुष्यात आलेले प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. मुंबईच्या गिरणीतून आजोबांनी काय कळवले आहे, पैसे का आले नाहीत, प्रकृती कशी आहे, हे तिच्या आधी गुरुजींना कळे. पण आजी आजही सांगते की गुरुजींनी त्यातले एक अक्षर कधी बाहेर जाऊ दिले नाही.

आज ते गुरुजींचे काम माझ्याकडे आले आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे शेजारच्या पाच-सहा घरांचे अर्ज, ओटीपी आणि ई-मेल यांचा कारभार माझ्याच फोनवरून चालतो. या कामात गेल्या वर्षी माझ्या हातून, किंवा खरे सांगायचे तर माझ्या फोनच्या हातून, एक अपराध घडला. तो येथे सांगते, कारण तो एकटीचा आहे असे मला आता वाटत नाही.

शेजारच्या काकींच्या एका तपासणीचा अहवाल ई-मेलवर येणार होता. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. म्हणून मी त्यांचे ई-मेल खाते माझ्या फोनवर जोडले. अहवाल आल्यावर त्यांना एकटीला बसवून वाचून दाखवला, शहापूरला जाऊन त्याची छापील प्रत काढून दिली आणि खाते फोनवरून काढून टाकले. ‘खाते काढले आहे’ असे फोनने स्वतःच सांगितले. माझे काम संपले असे मी समजले.

पंधरा-वीस दिवसांनी एका हळदीच्या कार्यक्रमात माझ्या चुलतभावाने परीक्षेचा निकाल पाहण्यासाठी माझा फोन घेतला. ‘रिझल्ट’ शोधायला त्याने पहिली दोन अक्षरे लिहिली, आणि ‘रिझल्ट’ऐवजी काकींचा ‘रिपोर्ट’ वर आला. पत्र उघडत नव्हते, परंतु त्याचा विषय आणि सुरुवातीच्या दोन ओळी स्पष्ट दिसत होत्या. भोवती चारजण उभे होते. दुसऱ्या दिवशी हापशावर ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. संध्याकाळी काकी आमच्या ओटीवर आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “माझ्या घरची गोष्ट तुझ्या फोनात कशी राहिली गं पोरी?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे माहीतगारांना विचारल्यावर उत्तर सापडले ते असे. पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दांची सूची असते, तशी फोन शोधण्याच्या सोयीसाठी पत्रांची एक वेगळी सूची करून ठेवतो. मी खाते काढले तेव्हा पुस्तक गेले, पण सूची तशीच राहिली. ही अ‍ॅप तयार करणाऱ्यांची चूक. संगणकाच्या भाषेत तिला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. माझा फोन कल्याणला घेतलेला, कोणाचा तरी वापरलेला. त्याला दोन वर्षांत एकही अपडेट आलेले नव्हते. दोष कळण्याचा आणि दुरुस्त होण्याचा मार्गच तेथे बंद झालेला होता.

असे दोष फक्त जुन्या किंवा स्वस्त फोनांतच असतात असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. जगात सर्वांत महाग समजल्या जाणाऱ्या फोनांत आयफोनची गणना होते. २०१४ साली आंद्रेआस कुर्त्झ या जर्मन संशोधकाने दाखवून दिले की आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये पत्रासोबत आलेली कागदपत्रे, कंपनी सांगत होती त्याप्रमाणे कुलूपबंद होत नव्हती. पाकिटाला डिंक लावला आहे असे सांगायचे आणि पाकीट उघडेच ठेवायचे, असा तो प्रकार. जूनअखेरीस आलेल्या अपडेटने तो दोष दूर झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये झेकऑप्स या अमेरिकी संस्थेने त्याच मेल अ‍ॅपमधला आणखी गंभीर दोष जाहीर केला. विशिष्ट तऱ्हेने रचलेले पत्र फोनवर येताच, काही वेळा ते उघडण्याच्याही आधी, हल्लेखोराला आत शिरण्याची फट मिळू शकत होती. हा दोष २०१२ सालच्या प्रणालीपासून चालत आलेला असल्याचे या संस्थेचे म्हणणे होते. एवढ्या दोषावर फोनची सुरक्षा भेदता येत नाही आणि ग्राहकांविरुद्ध त्याचा वापर झाल्याचा पुरावा नाही, असे अ‍ॅपल कंपनीने सांगितले. तरी जर्मनीच्या सरकारी सुरक्षा कार्यालयाने नागरिकांना ते अ‍ॅप वापरू नका असा सल्ला दिला. मे महिन्यात दुरुस्ती आली. म्हणजे हा किडा आठ वर्षे घरात होता आणि घरमालकाला पत्ता नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. ते ई-मेलचे नसून व्हॉट्सअ‍ॅपचे आहे, पण दोषाची जात तीच. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉल सुविधेतील चुकीचा फायदा घेऊन ‘पेगॅसस’ हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर जगभरातील सुमारे १४०० जणांच्या फोनवर सोडण्याचा प्रयत्न झाल्याचे २०१९ साली त्या कंपनीनेच जाहीर केले. आलेला कॉल उचलण्याचीसुद्धा गरज नव्हती. ज्यांना कंपनीने इशारा दिला त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. अनोळखी कॉल घेऊ नका, अनोळखी पत्र उघडू नका, असा उपदेश आपण नेहमी ऐकतो. येथे तो उपदेश पाळणाराही सुरक्षित नव्हता. काकींच्या पत्रावर अर्थात कोणी हेर नेमला नव्हता. परंतु माणसाने काळजी घेऊनही यंत्राने घात केला, हे दोन्हीकडे सारखेच.

येथे कोणी म्हणेल, माणसाने केलेल्या वस्तूत चूक राहायचीच. हे मला मान्य आहे. लाखो ओळींच्या सॉफ्टवेअरमध्ये एकही चूक नसावी अशी मागणी करणे म्हणजे शेतात एकही तण नको म्हणण्यासारखे आहे. माझी तक्रार चूक झाल्याबद्दल नाही. चुकीची दुरुस्ती कोणापर्यंत पोचते आणि कोणापर्यंत पोचत नाही, याबद्दल आहे.

२०१५ सालची गोष्ट घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष सापडला. चित्र किंवा ध्वनी असलेला एक निरोप पाठवून फोनचा ताबा घेता येईल असा तो दोष होता, आणि सुमारे ९५ कोटी फोन त्याच्या कक्षेत येतात असा तो शोधणाऱ्या संस्थेचा अंदाज होता. गूगलने दुरुस्ती तयार केली. त्या ऑगस्टपासून दरमहा सुरक्षा अपडेट देण्याची पद्धतही सुरू केली. पण अँड्रॉइडची दुरुस्ती गूगलकडून सरळ आपल्या खिशात येत नाही. ती फोन बनवणाऱ्या कंपनीकडे जाते. कंपनी ती आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी बसवून घेते आणि मग पुढे पाठवते. जे मॉडेल कंपनीने जुने ठरवले, त्याच्यासाठी ही तसदी घेतली जात नाही. अ‍ॅपची दुरुस्ती वेगळ्या वाटेने येते खरी, पण फोनची प्रणाली फार जुनी झाली की तीही वाट बंद होते.

आता हे जुने मॉडेल कोणाच्या हातात असते? मुंबई-ठाण्यातला माणूस दोन वर्षांनी नवा फोन घेतो. त्याचा जुना फोन कल्याणच्या दुकानात येतो आणि तेथून आसनगाव, किन्हवली, सरळगाव, टोकावडे असा प्रवास करीत आपल्याकडे येतो. म्हणजे फोन आपल्या हातात येतो आणि त्याच सुमारास त्याची दुरुस्ती थांबते. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचेही तसेच झाले आहे. ज्याच्या फोनवर एकाच माणसाची पत्रे आहेत, त्याला दुरुस्ती ताबडतोब मिळते. ज्या एका फोनवर चार घरांची गुपिते साठली आहेत, त्याला ती मिळतच नाही. हे अ‍ॅप लिहिणाऱ्याने ‘एक फोन, एक माणूस’ असे गृहीत धरलेले असते. आपल्या घरांत ते गृहीत चालत नाही.

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. मंत्री आले, दुकानांतून कार्ड घासण्याची यंत्रे बसली, वर्तमानपत्रांत फोटो आले. त्याचा अभिमान आम्हालाही वाटला. परंतु यंत्र बसवणे हा एका दिवसाचा समारंभ असतो. ते निर्दोष ठेवणे हे रोजचे काम आहे, आणि त्याला हार-तुरे मिळत नाहीत. खेड्यात मोबाइल पोचला म्हणजे खेडे सुधारले असे म्हणणाऱ्यांनी, त्या मोबाइलची निगा कोण राखणार याचाही विचार केला पाहिजे.

“खेड्यातल्या बाईच्या पत्रात लपवण्यासारखे असते तरी काय?” असेही मला एकाने विचारले. या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात शहर आणि खेडे असा भेद नाही. किंबहुना शहरात शेजाऱ्याचे नाव माहीत नसते. वाडीत मात्र एका घरची बातमी संध्याकाळपर्यंत चाळीस घरांत जाते. म्हणून खाजगीपणाची गरज वाडीला अधिक आहे.

कायदा कोठवर आला आहे, हेही पाहू. १८९८ च्या टपाल कायद्यात पत्र फोडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली, आणि या नव्या कायद्यात ही शिक्षा नाही. त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती जपण्यात हयगय करणाऱ्या संस्थेला त्यात अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे आणि माहिती फुटली तर संबंधित माणसाला ते कळवण्याचे बंधन आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी प्रमुख बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. कायदा चांगला आहे, पण दंडाची रक्कम जमा होते ती सरकारच्या संचित निधीत. ज्याचे पत्र फुटले त्याच्या पदरात काय पडते? शिवाय माझ्यासारख्या जुन्या फोनमधला किडा या कायद्याच्या जाळ्यात कसा सापडावा?

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. धानाच्या बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापलेली असते. औषधाच्या बाटलीवर असते. तशीच फोनच्या खोक्यावर, ‘या फोनला अमुक तारखेपर्यंत सुरक्षा अपडेट मिळेल’ असे ठळक आणि मराठीत छापले पाहिजे. ही काही अशक्य गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशी मुदत जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांसाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचा नियम केला. आपल्या ग्राहकानेच मागे का राहावे? ती तारीख छापलेली असेल तर वापरलेला फोन घेतानाही माणूस खोके बघेल, तारीख बघेल आणि भाव करील.

दुसरी मागणी आपल्याच महाविद्यालयाकडे आहे. संगणक कक्ष आठवड्यातून एक तास फोनसाठी खुला ठेवावा. फोनला शेवटचे अपडेट कधी आले, खाते काढल्यावर अ‍ॅपचा साठा कसा पुसायचा, बंद पडद्यावर पत्राचा मजकूर दिसू नये म्हणून काय करायचे, फोन विकण्याआधी तो पूर्ण कसा रिकामा करायचा, एवढे जरी शिकवले तरी पुष्कळ होईल. प्राध्यापकांनी परवानगी द्यावी. शिकवायला आम्ही विद्यार्थी पुढे येऊ.

तिसरी गोष्ट मागणी नाही, ती आपली स्वतःची जबाबदारी आहे. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजण आपापल्या गावाचे वाचणारे आणि लिहिणारे आहेत. अर्ज भरताना लोक आपला आधार क्रमांक, बँकेचा क्रमांक, आजार, कर्ज, सारे आपल्या हातात ठेवतात. त्यांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवू नयेत, त्यांची खाती आपल्या फोनवर रेंगाळत ठेवू नयेत, आणि ‘काढले’ असे फोन म्हणाला तरी स्वतः शोधून खात्री करावी. मी ती खात्री केली नव्हती. दोष अ‍ॅपचा होता हे खरे असले तरी तेवढी चूक माझी आहे.

जूनमध्ये काकी पुन्हा आल्या. एका योजनेचा अर्ज भरायचा होता आणि त्यासाठी ई-मेल लागत होता. दुसरीकडे कोठे जाणार? कागद माझ्या पुढे ठेवून त्या म्हणाल्या, “ह्या वेळी नीट पूस गं.” अर्ज भरला, खाते काढले, अ‍ॅपचा साठा पुसला, आणि मग काकींच्या देखतच त्यांचे नाव शोधून पाहिले. काही आले नाही. त्यांनीही वाकून पडद्याकडे पाहिले. त्यांना अक्षरे वाचता येत नाहीत. पण पडदा रिकामा आहे एवढे त्यांना दिसले.