दंड मोजला, दुखणी कोण मोजणार?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुण मिळवून देशात पहिले आले. सालवड, पास्थळ, कुंभवली या गावांना खेटून उभ्या असलेल्या या वसाहतीचा हा पहिला क्रमांक लाजिरवाणा खराच. पण त्या गुणांची फोड अधिक बोलकी आहे. शंभरापैकी 50 गुण हवा-पाण्याच्या स्थितीला, माणसांच्या आरोग्याला अवघे 10, आणि तेही रुग्णालयांच्या नोंदींवरून! रोज बुडेल म्हणून रुग्णालयाची पायरी न चढणारा वारली मजूर, दुखणे अंगावर काढणारी मांगेला स्त्री यांची या हिशेबात गणतीच नाही.

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांवर आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसवली. मच्छीमारांच्या चिकाटीचे हे यश निर्विवाद आहे. परंतु आजाराचा प्रश्न निघाला की कारखानदारांचा सवाल ठरलेला असतो : तो आमच्याच रसायनामुळे झाला, याला पुरावा काय? पुराव्यासाठी पैसा लागतो, वर्षे लागतात. आणि ज्यांच्यापाशी पैसा आहे, त्यांना पुरावा नको असतो.

म्हणून असा अभ्यास कुणाच्या मर्जीवर सोडता येत नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतलेला दीर्घकालीन अभ्यास 1994 मध्ये थांबला. विषाचे परिणाम मात्र थांबले नाहीत. उलट भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही, लव्ह कॅनॉल येथील पुरलेल्या विषावरून लोक खवळल्यानंतर, 1980 मध्ये रसायन व तेल उद्योगांवर कर बसवून विषारी जागांच्या सफाईचा निधी उभारावा लागला. 1986 पासून यादीतील प्रत्येक जागेभोवतीच्या लोकवस्तीची आरोग्य-पाहणी कायद्यानेच बंधनकारक झाली.

तारापुरातही हेच झाले पाहिजे. जितका घातक कचरा, तितका उपकर; निधी शासनाकडे, अभ्यास स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालयाकडे, आणि निष्कर्ष मराठीतून थेट ग्रामसभेपुढे. पाहणी घरोघर व्हावी, वर्षानुवर्षे चालावी. कारखान्यात एक पैसाही या कामी थेट कारखानदाराच्या हातून येता कामा नये; जो पैसा देतो, तो निष्कर्षही ठरवू पाहतो.

यामुळे कारखाने उठतील, अशी भीती कामगारांना घातली जाईल. पण रसायनाच्या टाकीशी उभा राहणारा कंत्राटी कामगार संध्याकाळी याच गावांत परततो. पाहणीच्या वहीत पहिले नाव त्याचेच हवे. गावकरी आणि कामगार यांना एका मागणीवर उभे करणे, हे पालघरच्या साथींपुढचे आजचे काम आहे.