धारवाड म्हणजे फक्त पेढा?

दिवाडीला फेरीबोटीतून भाड्याची स्कूटर उतरवून दिवसभर फोटो काढत हिंडणाऱ्या जोडप्यांवर आपण गोवेकर तोंडसुख घेतो. आणि आपण धारवाडात काय करतो? पेढे घेतो, गाडी वळवतो!

परवा मी नि बायको स्कूटरवरून हुबळी-धारवाड फिरलो. उणकलचं चंद्रमौळेश्वर, मन्सूरअण्णांचं घर, साधनकेरीत बेंद्र्यांचं. मराठी घरात जन्मलेल्या बेंद्र्यांना कानडी कवितेसाठी १९७३चं ज्ञानपीठ मिळालं. त्याच वर्षी 'काजळमाया'ला साहित्य अकादमी. तो पुरस्कार चक्क परत करणारे जी. ए. याच गावात कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मराठीसाठी गोव्यात बाह्या सरसावणाऱ्यांपैकी जी.एं.चं धारवाड बघायला कितीजण येतात हो?