रबराला विचारल्यावाचून

जयपूरमध्ये चांदपोल ते बडी चौपड या टप्प्यात सप्टेंबर २०२० पासून मेट्रो जमिनीखालून धावते. वर उभे आहे ते २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेले जुने शहर; हवामहाल तर बडी चौपडीपासून हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी कंपनाचे नियंत्रण हा निव्वळ कागदावरचा विषय राहत नाही.

या विषयाला उपयोगी पडणाऱ्या गणिताशी जयपूरचा संबंध जुना आहे. श्रीवास्तव, गुप्ता आणि गोयल यांचा एच-फलनांवरील ग्रंथ १९८२ चा; त्यांपैकी गुप्ता आणि गोयल जयपूरचे अध्यापक. फ्रॅक्शनल कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे अपूर्णांकी कलनात, पदोपदी भेटणारे मिटाग-लेफ्लर फलन हे एच-फलनाचेच एक विशेष रूप होय.

अर्धे विकलन ही कल्पना १६९५ मध्ये लायब्निझच्या पत्रात चर्चिली गेली. रबराने तिला अर्थ दिला तो फार उशिरा. स्प्रिंग आणि तेलातला दट्ट्या या परिचित प्रतिमानात, आयाम तोच ठेवून वारंवारता दसपट केली की दट्ट्याचे विरोधी बलही दसपट होते. रबर इतके भाबडे नाही. अर्ध्या क्रमाचे विकलन घेतल्यास ही वाढ सुमारे ३.१६ पट होते. क्रम योग्य निवडला, तर मोजक्या स्थिरांकांत रबराचे वर्तन विस्तृत पट्ट्यात मांडता येते, हे १९८० च्या दशकात बॅग्ली आणि टॉर्विक यांनी दाखवले.

तेव्हा आक्षेप या कलनावर नाही. त्याच्या नावाने चाललेल्या निबंधांच्या कारखान्यावर आहे. तिथला साचा ठरलेला. नेहमीच्या पीआयडी नियंत्रकात तीन स्थिरांक, अपूर्णांकी नियंत्रकात पाच. संगणकावर दोघांची शर्यत लावायची आणि पाचवाला जिंकला म्हणून जाहीर करायचे! पण संकलन आणि विकलन या दोहोंचा क्रम १ ठेवला की पाचांतून जुना नियंत्रकच निघतो. शोध नीट घेतला असेल, तर पाचवाला हरणार तरी कसा?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अपूर्णांकी विकलनाला संपूर्ण भूतकाळाची स्मृती लागते; चिपमध्ये ती मावत नाही. म्हणून उस्तालू यांच्यासारख्या पद्धतीने त्याजागी पूर्णांकी गाळण्यांची मालिका बसवावी लागते. म्हणजे प्रत्यक्षात चालतो तो वरच्या क्रमाचा पूर्णांकी नियंत्रकच. खरी तुलना तेवढ्याच क्रमाच्या पूर्णांकी नियंत्रकाशी व्हावयास हवी. ती क्वचितच दिसते.

आणि तो ०.७ आला कुठून? रुळाखालच्या पट्टीचा तुकडा वेगवेगळ्या वारंवारतांना, उन्हाळ्याच्या आणि थंडीच्या तापमानाला हलवून पाहिला होता काय? आलेख सुबक दिसतो म्हणून निवडलेला क्रम हा पदार्थाचा गुणधर्म नव्हे. उपकरणे महाग आहेत ही सबब पट्टीच्या चाचणीपुरती खरी. पण त्वरणमापक आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये आहे, आणि फरशीचे कंपन नोंदवायला सुरुवात त्यावरही होते.