मदतीला गेलेल्या फौजेचा हिशेब

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले, शेख मुजीब यांचे पुतळे पाडले गेले, आणि आपल्याकडे ‘कृतघ्नता’ हा शब्द सर्रास ऐकू येऊ लागला. ‘स्वातंत्र्य आम्हीच मिळवून दिले’ असा त्यामागचा सूर असतो. हा सूर इतिहासाला धरून नाही.

जमालपूरचेच उदाहरण घ्यावे. डिसेंबर १९७१ मध्ये पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने, म्हणजे जंगी पलटणीने, या गावाची दक्षिणेकडील वाट रोखून धरली होती. ब्रिगेडियर क्लेर यांचे शरणागतीचे आवाहन करणारे पत्र शत्रूच्या छावणीत घेऊन गेला तो मुक्तिवाहिनीचा जहुरुल हक मुन्शी. उत्तरासोबत बंदुकीची गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडण्याचा शत्रूचा प्रयत्न मराठ्यांनी उधळून लावला आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. पराक्रम आपल्या पलटणीचा खराच. परंतु ते पत्र घेऊन मृत्यूच्या दारात जाणारा माणूस त्या मातीतला होता. आपले युद्ध तेरा दिवसांचे, त्यांचे मार्चपासून चाललेले. आपण त्याला ‘भारत-पाक युद्ध’ म्हणतो, ते ‘मुक्तियुद्ध’ म्हणतात. नावातच सारा मतभेद आला.

मदतीची किंमत वसूल करण्याची रीत जगाला नवी नाही. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या डच प्रांतांच्या साहाय्यास १५८५ मध्ये एलिझाबेथ राणीने सैन्य धाडले ते तारण घेऊनच. फ्लशिंग व ब्रिल ही बंदरे १६१६ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात राहिली. सेनापती लेस्टरने तर तेथील गव्हर्नर-जनरलपदच स्वीकारले आणि खुद्द राणीचाच रोष ओढवून घेतला! याउलट आपल्या फौजेने १२ मार्च १९७२ रोजी ढाक्यात निरोपाचे संचलन केले आणि ती माघारी आली. विजयाच्या ऐन भरात दाखवलेला हा संयम मला शरण आलेल्या त्र्याण्णव हजारांच्या आकड्याहून मोठा वाटतो. तेव्हा जे तारण मागितले नाही, त्यावर आज व्याज कोणत्या तोंडाने मागावे?

वर्धा जिल्ह्यात बसून हा विचार करणे तसे अवघडच. येथे सेवाग्राम आहे, पवनार आहे आणि पुलगावचे प्रचंड दारूगोळा भांडारही आहे. पण १९७१ मध्ये बांगलादेशाची बाजू मांडत देशोदेशी हिंडलेले जयप्रकाश नारायण सर्वोदयाचेच होते. येत्या १६ डिसेंबरला आमच्या शिक्षकांनी वर्गात जंगी पलटणीची कथा अवश्य सांगावी. मात्र त्या कथेत मुन्शींचे नाव गाळू नये.