पहिल्या सरीचे पाणी बाटलीत

मृगाची पहिली मोठी सर पडली की ओढ्याला येणारे पाणी आपण सर्वांनी पाहिले आहे. चहासारखा रंग, वर फेस आणि पालापाचोळा. जाणती माणसे ते जनावरालाही पाजत नाहीत. पाणी तपासणाऱ्याला मात्र तेच हवे असते.

मुंबईच्या उपनगरातली दहिसर नदी घ्या. तुम्ही म्हणाल, मुंबईत कुठली आली नदी? आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी ती उगम पावते, जंगलातून उतरते, मग दाट वस्ती आणि म्हशींचे तबेले यांच्या कडेने मनोरीच्या खाडीला मिळते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ, कचरा आणि तबेल्यातले शेण पहिल्या सरींबरोबर एकदम खाली येते. जोराचा पाऊस तासभर टिकला की त्याच जागचे पाणी बरेच निवळते. तेव्हा सर ओसरल्यावर सावकाश जाऊन बाटली भरणारा नदीला फुकटचे प्रशस्तिपत्र देऊन येतो!

म्हणून पहिला नमुना पाणी वाहू लागल्यापासून अर्ध्या तासाच्या आत घ्यावा आणि पुढे दर वीस मिनिटांनी एकेक. प्रत्येक वेळी पाणी किती चढले तेही खुणेच्या काठीवर पाहून लिहावे, कारण थोडे घाण पाणी आणि पुष्कळ घाण पाणी यांत फरक आहे. एक जागा जंगलाच्या कडेला, दुसरी तबेल्यांच्या खाली. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे घाण कुठे मिसळली ते कळते. खाडीजवळ ओहोटी पाहूनच जावे, नाहीतर बाटलीत समुद्र यायचा.

आपल्या घरी हेच विहिरीला लागू आहे. गोठ्याचा किंवा उकिरड्याचा ओघळ विहिरीकडे वळत असेल, तर एक नमुना पावसाआधी आणि एक पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच तपासून घ्या. क्षार व खतांच्या तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जंतूंची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणावी; ती विसळू नये, तोंडाला बोट लावू नये आणि वर थोडी जागा ठेवावी. ओढ्यात भरताना बाटलीचे तोंड प्रवाहाकडे, पृष्ठभागाखाली वीतभर, तळचा गाळ न ढवळता. मग बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवावी.

पुराच्या पाण्यात मात्र उतरू नका. बाटली काठीला बांधा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि पूर ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदरांच्या मुतातले जंतू पायाच्या साध्या जखमेतूनही शिरतात.

बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि पाऊस केव्हा सुरू झाला ते लिहा. पेन्सिलीनेच लिहा, शाई धुऊन जाते.